मैदान सुटलं तरी काळवंडत गेलेला मुलगा: थकवा आणि कमी साखरेचा माग

एक मुलगा डोळ्यांसमोर आणू. वय १५, दहावीत, तालुक्याच्या गावी राहणारा. हा कुणी एक खरा मुलगा नाही. या आजाराच्या मुलांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टी जोडून मी तो उभा केलाय. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, आपणही दादाच म्हणू.

मे महिन्यापर्यंत दादा रोज संध्याकाळी मैदानावर असायचा. नंतर हळूहळू बंद झालं. क्लासवरून आला की दप्तरासकट कॉटवर आडवा. सकाळी उठवायला आईच्या तीन चकरा. उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणून क्षणभर भिंत धरून उभा राहतो. जेवण निम्म्यावर आलंय, पँट कमरेत सैल झालीय. बाबांचं निदान तयार आहे: "मोबाइल काढून घ्या, चार दिवसांत ताजातवाना होतो की नाही बघा." आजी म्हणते, "दहावीचं टेन्शन घेतलंय पोरानं."

जानेवारीतल्या एका रविवारी, नाश्त्याच्या आधी, तो बाथरूमच्या दारात कोसळला. दरदरून घाम, हात कापतायत, बोलणं असंबद्ध. शेजारच्या काकांना डायबेटिस, त्यामुळे काकू मशीन घेऊन धावत आल्या. आकडा आला ५४. "अहो वहिनी, शुगर लो झालीय याची." साखरपाणी पाजलं, दहा-पंधरा मिनिटांत मुलगा माणसात आला.

घराला हायसं वाटलं. कारण सापडलं होतं: साखर कमी होते. सोमवारपासून दप्तरात खडीसाखर आणि ग्लुकोजची पुडी. इथेच बहुतेक घरांचा शोध थांबतो, आणि माझी तक्रार इथूनच सुरू होते. 'साखर कमी झाली' म्हणजे 'ताप आला' म्हटल्यासारखं आहे. ताप कशाचा, हे अजून कुणी विचारलेलंच नाही.

एक चमचा साखर

मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते चार-पाच ग्रॅम. म्हणजे चहाचा एक चमचा. आणि एकटा मेंदू दिवसाला साधारण १२० ग्रॅम साखर खातो. म्हणजे तो चमचा सतत रिकामा होतोय आणि सतत भरला जातोय. भरतं कोण? जेवण झाल्यावर काही तास जेवण. त्यानंतर लिव्हर.

लिव्हरला घरातली कणगी समजा. जेवणातली जास्तीची साखर तिथे साठते, साधारण १०० ग्रॅम. रात्रीच्या झोपेत आपण तीच काढून खातो. कणगी तळाला जायला लागली की लिव्हर दुसरा उद्योग करतं: स्नायूंतली प्रथिनं आणि चरबीतले काही तुकडे घेऊन नवी साखर बनवतं. शिवाय चरबी जाळून कीटोन तयार करतं. साखरेची टंचाई असताना मेंदू कीटोनवर भागवू शकतो.

कणगीत माल भरायचा हुकूम इन्शुलिन देतं. माल काढायचा हुकूम चौघं देतात: ग्लुकॅगॉन, ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन. पहिली दोघं काही मिनिटांत धावून येतात, पुढची दोघं तासांच्या हिशेबानं काम करतात.

एवढं लक्षात आलं की डायबेटिस नसलेल्या मुलाची साखर कशानं घसरू शकते, ते आपलं आपण मांडता येतं. नको त्या वेळी इन्शुलिन काम करतंय. किंवा माल काढणाऱ्यांपैकी कुणीतरी कामावर नाही. किंवा कणगीत, नाहीतर साखर बनवण्याच्या यंत्रणेत बिघाड आहे. किंवा मुलगा जेवतच नाहीये. डॉक्टरांच्या पुस्तकात यादी पानभर असते, पण ती याच चार खणांत बसते.

आधी आकडा खरा का ते बघा

घरातलं मशीन डायबेटिसवाल्यांसाठी बनवलेलं असतं. त्यांना २४० आहे की १८० एवढं कळलं तरी काम भागतं. १००च्या खालच्या आकड्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक अशा यंत्राला १५ मिलिग्रॅमपर्यंत इकडे-तिकडे व्हायची मुभा देतं. म्हणजे मशीननं ६२ दाखवले तर खरा आकडा ७७ही असेल, ४७ही असेल. त्यात पट्ट्यांची डबी उघडी राहिलेली किंवा मुदत संपलेली असेल तर बोलायलाच नको. हल्ली दंडाला चिकटवायचे सेन्सर आलेत. त्या दंडावर कुशी घेऊन झोपलं की रात्रभर खोटी 'लो' दिसते. धडधाकट माणसं हौसेनं ते लावतात आणि सकाळी घाबरून डॉक्टरांकडे जातात.

लॅबचा आकडाही डोळे झाकून घेऊ नये. नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात आणि त्यांना साखर लागते. साध्या नळीतलं रक्त तसंच ठेवलं तर साखर तासाला पाच-सात टक्क्यांनी उतरते. गावातल्या केंद्रात सकाळी काढलेलं रक्त दुपारच्या गाडीनं शहरात गेलं, तर रिपोर्टमधली 'लो' साखर मुलाची नसते, प्रवासाची असते. म्हणून साखरेसाठी फ्लोराइडची, करड्या बुचाची नळी वापरतात, आणि शंका असेल तेव्हा रक्त लगेच तपासतात.

न्यूयॉर्कचे सर्जन ॲलन व्हिपल यांनी १९३०च्या दशकात यावर एक साधी कसोटी घालून दिली, ती आजही चालते. त्रास कमी साखरेसारखा हवा. त्याच वेळी लॅबमध्ये मोजलेली साखर खरोखर कमी हवी. आणि साखर दिल्यावर त्रास जायला हवा. तिन्ही जमलं तरच पुढे जायचं. डायबेटिस नसलेल्या माणसात साधारण ५५च्या खाली गेलं तर डॉक्टर कान टवकारतात. नुसता आकडा पुरत नाही, कारण लांबलचक उपवासात धडधाकट तरुण मुलींची साखर पन्नाशीत उतरते आणि त्यांना काहीही होत नाही.

दादाच्या बाबतीत पहिली आणि तिसरी अट जमली. मधली राहिली.

थकलेली मुलं पुष्कळ असतात

इथे जरा थांबून सांगायला हवं, नाहीतर हा लेख वाचून प्रत्येक आई उद्या मुलाला घेऊन एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरांच्या दारात उभी राहील. थकलेल्या बहुतेक मुलांना असला कुठलाही दुर्मीळ आजार नसतो. या वयात शरीराचं घड्याळच उशिरा सरकतं, झोप अकरा-बाराच्या आधी येत नाही. लागते मात्र आठ ते दहा तास. रात्री नऊला क्लास सुटतो आणि सकाळी सातला शाळा भरते. गणित जमणार कसं?

त्यानंतर रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये ॲनिमिया सापडला. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेलं असू शकतं. शाकाहारी घरांत बी-१२. मग थायरॉइड. मग दीर्घकाळचा एखादा संसर्ग, आपल्याकडे क्षयरोग. आणि उदासी. "मला कसंतरी होतंय" हे पंधरा वर्षांच्या मुलाला सांगता येत नाही, तो "दमलोय" म्हणतो.

पण एरवी या कशानंही साखर ५४पर्यंत उतरत नाही. थकवा घरोघरी आहे. डायबेटिसचं औषध न घेणाऱ्या मुलाची साखर खरोखर घसरणं मात्र फार क्वचित. दोन्ही एकत्र आलं की यादी एकदम आखूड होते, आणि उरलेल्या नावांपैकी कुठलंही दुर्लक्ष करण्याजोगं नसतं.

दोन मिनिटांचं रक्त

फेब्रुवारीत दादाला साधा ताप आला, त्यात उलट्या. रात्री तो पुन्हा कोसळला. या खेपेला त्याला ग्रामीण रुग्णालयात नेलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी बोटाला टोचून बघितलं, ४८. सिस्टरच्या हातात २५ टक्के डेक्स्ट्रोजची सिरिंज तयार होती. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, लाइन लागतेयच, तिच्यातून आधी रक्त घ्या. मग ग्लुकोज."

या आजाराच्या शोधात सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते हे रक्त. साखर खाली असतानाच शरीरात कोण कामावर होतं आणि कोण नव्हतं, याची ती हजेरी असते. एकदा ग्लुकोज गेलं की इन्शुलिन वर येतं, बाकीची हॉर्मोन्स खाली जातात, आणि हजेरी पुसली जाते. मग तोच प्रसंग मुद्दाम घडवून आणावा लागतो: रुग्णालयात, पहाऱ्याखाली, मोठ्यांमध्ये ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवून. घरी असला प्रयोग कुणी चुकूनही करू नये. आणि मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील, शीर सापडत नसेल, तर रक्ताचा नाद सोडून आधी साखर. जीव वाचला तर कारण शोधता येईल.

त्या रक्तात काय बघतात? साखर, इन्शुलिन, सी-पेप्टाइड, कीटोन, कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोन. यातलं सी-पेप्टाइड मला फार आवडतं. स्वादुपिंडात इन्शुलिन तयार होतं तेव्हा एक लांब साखळी तुटून दोन तुकडे होतात: एक इन्शुलिन, दुसरा सी-पेप्टाइड. बाटलीतल्या इन्शुलिनमध्ये हा दुसरा तुकडा नसतो. त्यामुळे साखर खाली, इन्शुलिन वर आणि सी-पेप्टाइड खाली असेल तर इन्शुलिन बाहेरून टोचलं गेलंय. दोन्ही वर असतील तर ते शरीरातूनच आलंय. मग एक तर स्वादुपिंडात इन्शुलिन ओकणारी छोटी गाठ असेल, इन्शुलिनोमा. ती वर्षाला दहा लाखांत जेमतेम काही जणांना होते, आणि अशी माणसं उपाशी राहवत नाही म्हणून सारखी खातात, वजन वाढतं. नाहीतर घरातल्या आजीची डायबेटिसची गोळी, ग्लिमेपिराइड, पोटात गेलेली असेल. त्या गोळ्या स्वादुपिंडाला चिमटा काढून इन्शुलिन बाहेर काढतात, त्यामुळे रिपोर्ट हुबेहूब गाठीसारखा दिसतो. गाठ शोधायला निघण्याआधी घरातला औषधांचा डबा बघा, आणि रक्तात त्या गोळीची तपासणी करा.

कीटोनचंही असंच. इन्शुलिन कामावर असेल तर ते चरबी जाळू देत नाही. साखर खाली आणि कीटोनही नाहीत, तर संशय इन्शुलिनवर, किंवा चरबी जाळणाऱ्या एन्झाइमच्या जन्मजात दोषावर. कीटोन भरपूर असतील तर इन्शुलिन निर्दोष. ते घरी जाऊन झोपलंय. मग माल काढणाऱ्या चौघांकडे वळायचं.

दादाची लॅबमधली साखर ४६ आली. व्हिपलची मधली अटही पुरी झाली. इन्शुलिन जवळजवळ शून्य, कीटोन भरपूर. आणि त्याच रक्तात, कुणी खास मागितलेल्या नव्हे तर नेहमीच्या तपासणीत, दोन आकडे विचित्र होते. सोडियम १२६, म्हणजे बरंच कमी. पोटॅशियम ५.९, म्हणजे जास्त. ब्लड प्रेशर ८० बाय ५०.

उलट्यांनी सोडियम उतरतं, पण पोटॅशियमही उतरतं. एक खाली आणि एक वर, ही जोडी साध्या उलट्यांची नाही.

बहीण बोलली

सकाळी डॉक्टर राउंडला आले तेव्हा त्यांनी दादाला तोंड उघडायला सांगितलं. हिरड्यांवर शाईसारखे डाग. तळहातावरच्या रेषा काळ्या. बोटांच्या पेरांवरची कातडी काळपट.

"आजी, हा काळा कधीपासून पडला?"

"काय डॉक्टर, उन्हातान्हात हुंदडायचं, मग काय होणार? पहिल्यापासून खेळाचं वेड."

कोपऱ्यात बसलेली बहीण म्हणाली, "पण आजी, दादा मेपासून ग्राउंडवर गेलाच नाहीये."

डॉक्टरांनी मग तिलाच विचारलं, दादा काय काय खातो. तिची तक्रार तयारच होती. बरणीतला लोणच्याचा खार हाच संपवतो. ताकात तीन-तीनदा मीठ घालतो. एकदा तर कैरी नसताना नुसतंच तिखट-मीठ चाटत बसला होता.

आईला मग आठवलं, की गावातल्या डॉक्टरांनी दोनदा सलाइन लावली होती आणि दोन्ही वेळा पोरगा तीन दिवस टवटवीत होता. घरात त्यावरून विनोद झाला होता, की याला सलाइनचं व्यसन लागलंय. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, सोबत ग्लुकोज. त्याच्या शरीराला नेमकं तेवढंच कमी होतं.

ही सगळी माहिती घरात आठ-नऊ महिने पडून होती. काळवंडणं आजीकडे, मीठ बहिणीकडे, सलाइन आईकडे, वजन पँटच्या पट्ट्याकडे. एका खोलीत, एका वेळी, एका माणसासमोर ती कधी आलीच नव्हती.

किडनीवरच्या टोप्या

दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते, ॲड्रिनल. कॉर्टिसॉल तिथेच बनतं. अल्डोस्टेरॉन नावाचं आणखी एक हॉर्मोनही. ते किडनीला सांगतं, मीठ धरून ठेव आणि पोटॅशियम सोड. या ग्रंथी निकामी झाल्या की कॉर्टिसॉल नाही, म्हणून लिव्हर नवी साखर बनवायला कमी पडतं. अल्डोस्टेरॉन नाही, म्हणून मीठ लघवीतून वाहून जातं, प्रेशर उतरतं, उभं राहिलं की अंधारी. शरीर मीठ मागतं, आणि मुलगा खार चाटतो. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये साखर घसरण्याचा त्रास जास्त दिसतो.

आणि काळवंडणं? मेंदूखालची पिट्यूटरी, मराठी पुस्तकातली पियूषिका, ॲड्रिनलला एसीटीएच नावाचा निरोप पाठवते: कॉर्टिसॉल बनव. उत्तर येत नाही म्हटल्यावर ती आवाज चढवते. एसीटीएच दहापट, वीसपट होतं. या रेणूचं कातडी रंगवणाऱ्या हॉर्मोनशी सख्खं नातं आहे, दोघं एकाच मोठ्या प्रथिनातून कापून निघतात. त्यामुळे ॲड्रिनलला मारलेल्या हाका कातडीला ऐकू जातात, आणि ती रंग बनवत सुटते. आपल्या सावळ्या रंगावर हे पटकन उठून दिसत नाही, आणि कित्येकांच्या हिरड्या मुळातच काळसर असतात. म्हणून तळहाताच्या रेषा बघायच्या, पेरं बघायची, आणि जुना फोटो मागायचा.

दादाच्या डॉक्टरांनी गुडघा बघितला. त्यावर दोन वण होते. एक दुसरीत असताना सायकलवरून पडल्याचा, पांढुरका. दुसरा गेल्या गणपतीत मंडपाच्या खांबाला घासल्याचा, काळाकुट्ट. आजार सुरू झाल्यानंतर पडलेले वण रंग धरतात, आधीचे धरत नाहीत. आजार या दोन जखमांच्या मधे केव्हातरी सुरू झाला होता.

त्या रात्रीच्या रक्तातलं कॉर्टिसॉल आलं १.८. एवढ्या आजारपणाच्या ताणात ते १८-२०च्या वर असायला हवं. एसीटीएच साठीच्या आत हवं, ते हजारावर होतं. आकडे असे मधले, संदिग्ध आले असते तर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन अर्ध्या आणि एका तासानं कॉर्टिसॉल वर येतंय का ते बघावं लागलं असतं. इथे गरज पडली नाही. उपचार तर रिपोर्टच्या आधीच सुरू झाला होता: रक्त घेतलं, ग्लुकोज दिलं, सोडियम-पोटॅशियम बघितल्याबरोबर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन. संशय असेल तर रिपोर्टची वाट बघायची नाही, असाच नियम आहे. ताप-उलट्यांत अशा मुलाचं प्रेशर कोसळतं आणि तो दगावू शकतो. पोटदुखी इतकी असते की कधीकधी अपेंडिक्स समजून सर्जनला बोलावलं जातं.

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधले थॉमस ॲडिसन यांनी १८५५मध्ये अशा ११ रुग्णांची नोंद छापली. गळून गेलेले, अशक्त, काळवंडलेले. म्हणून याला ॲडिसनचा आजार म्हणतात. या ग्रंथी नेमकं काय करतात, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या ॲड्रिनल क्षयरोगानं खाल्ल्या होत्या. आज युरोप-अमेरिकेत बहुतेकांच्या बाबतीत शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या ग्रंथींवर उलटते. आपल्याकडे तेही आहे आणि क्षयरोगही अजून आहे, म्हणून पोटाचा सीटी स्कॅन लागतो. क्षयानं ग्रंथी सुजते, नंतर तिच्यात चुना साठतो. प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यात ती सुकून जाते. फरक महत्त्वाचा आहे, कारण क्षयावरचं रिफाम्पिसिन कॉर्टिसॉल भराभर संपवतं, त्यामुळे डोस वाढवावा लागतो.

मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक तपासणी विसरून चालत नाही. ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी नावाचा आनुवंशिक आजार आईकडून मुलाकडे येतो. त्यात काही चरबीचे रेणू साठून आधी ॲड्रिनल आणि पुढे मेंदूही बिघडू शकतो. रक्तातल्या अतिलांब साखळीच्या फॅटी ॲसिड्सवरून तो कळतो. दादाचं हे नॉर्मल निघालं. प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याची खूण, म्हणजे ॲड्रिनलविरोधी अँटिबॉडी, मात्र सापडली.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना हाच आजार होता. निदान १९४७चं. १९६०च्या निवडणुकीत त्यांच्या गोटानं तो नाकारला. त्यांचा रापलेला चेहरा लोकांना तब्येतीची निशाणी वाटायचा. आपल्या आजीचं तरी काय चुकलं!

जिथे हमखास चकवा बसतो

कॉर्टिसॉल नसलं की थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच थोडं चढतं. रिपोर्टवर ८ किंवा ९ दिसतं, आणि थायरॉइडची गोळी सुरू होते. ती गोळी शरीराचा वेग वाढवते, उरलंसुरलं कॉर्टिसॉल लवकर संपतं आणि मूल थेट अतिदक्षता विभागात पोचतं. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, पण क्रम ठरलेला आहे: आधी कॉर्टिसॉल, मग थायरॉइड.

दुसरा चकवा म्हणजे ताकदीचं इंजेक्शन. दवाखान्यात 'अंगात काही त्राण नाही' म्हटल्यावर कधीकधी डेक्सामेथासोन टोचलं जातं. ते स्टेरॉइडच असतं, मुलगा जादूसारखा उठून बसतो, आणि पुढचे काही दिवस कॉर्टिसॉलची तपासणी नीट वाचता येत नाही.

याच्या उलट, ॲड्रिनल धडधाकट असूनही झोपी गेलेली असू शकते. महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेऊन ते एकदम सोडलं की असं होतं. दम्यासाठी घेतलेलं असेल, नाहीतर गोरं होण्याच्या क्रीममधलं, नाहीतर सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमधलं. किंवा पिट्यूटरीच निकामी झालेली असते. आपल्याकडे त्याचं एक कारण शेतात सापडतं: घोणस. तिच्या विषानं पिट्यूटरीत रक्तस्राव होऊ शकतो, आणि माणूस दंशातून वाचल्यावर कित्येक महिन्यांनी थकवा आणि कमी साखर घेऊन येतो. यांत एसीटीएच वाढतच नाही, म्हणून कातडी काळवंडत नाही, आणि मीठ सांभाळणारं अल्डोस्टेरॉन शाबूत असल्यानं पोटॅशियमही ठीक असतं. तेव्हा काळेपणा नाही म्हणून कॉर्टिसॉलचा विचारच सोडून द्यायचा, असं करू नये.

आणि ज्याला आधीपासून टाइप १ डायबेटिस आहे, त्याची साखर इन्शुलिन कमी करत नेलं तरी सारखी घसरत असेल, तर "पथ्य चांगलं पाळतोय" म्हणून पाठ थोपटण्याआधी एकदा ॲड्रिनल बघावी.

आयुष्यभर म्हणजे?

"स्टेरॉइड? तेही जन्मभर?" आईचा चेहरा पडला. स्टेरॉइड या शब्दाची धास्ती आपल्याकडे जबर आहे, आणि ती उगाच नाही. पण एरवीची दुष्परिणामांची भीती असते ती शरीराच्या गरजेपेक्षा जास्त डोसची. दादाला मिळतं ते, त्याच्या ॲड्रिनलनं रोज बनवलं असतं, अंदाजे तेवढंच. हायड्रोकॉर्टिसोन रक्तात जेमतेम काही तास टिकतं, म्हणून दिवसातून दोन-तीनदा, सकाळी सर्वात जास्त. मिठासाठी फ्लुड्रोकॉर्टिसोनची इवलीशी गोळी.

अवघड भाग गोळ्यांचा नाही, तापाचा आहे. धडधाकट माणसाची ॲड्रिनल तापात आपोआप कामाचा वेग वाढवते. दादाला तो हातानं वाढवावा लागतो: ताप आला की डोस दुप्पट-तिप्पट, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर इंजेक्शन आणि थेट रुग्णालय. दात काढायचा असला तरी आधी सांगायचं. एकही डोस आपल्या मनानं बंद करायचा नाही, 'आता बरं वाटतंय' म्हणून तर नाहीच. खिशात एक कार्ड, शाळेत पीटीच्या सरांकडे एक चिठ्ठी, फ्रिजवर डॉक्टरांचा नंबर. आईनं हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्यायला सिस्टरकडून संत्र्यावर सराव करून शिकून घेतलं.

दुसऱ्याच आठवड्यात तो जेवणाचं ताट पुसून खायला लागला. लोणच्याची बरणी महिनाभर पुरायला लागली. हिरड्यांचा रंग उतरायला काही महिने लागले. गणपतीतला वण मात्र काळाच राहिला.

त्या दिवसांत आईला एक नाद लागला होता. रात्री सगळे झोपले की ती मोबाइलमधले जुने फोटो मागे मागे सरकवत बसायची. गणपती: काळा. मे महिन्यातली मॅच, हातात ट्रॉफी: तेव्हाही. त्याआधीच्या फेब्रुवारीत मामाच्या लग्नात तो पंगतीत जिलबी वाढतोय. फोटो मोठा करून बघितला तर पेरं तेव्हाच काळी पडलेली. ती आणखी मागे गेली. संक्रांतीच्या फोटोत तिळगूळ धरलेली बोटं स्वच्छ होती, त्याच्या जुन्या रंगाची.